घरच्या चार मॅचेस

आमच्या पत्त्या-फाशांच्या बेसबॉल लीगमध्ये घरची मालिका म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं. पाहुणा संघ येत नाही, पाहुण्या संघाचा कागद येतो. त्यावर सगळं लिहिलेलं असतं: कोण कितव्या नंबरला बॅटिंग करणार, पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलायचा, बंट (चेंडूला हलकाच टोला) कधी, चोरी (बॅटरने चेंडू मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणं) कधी. तो कागद समोर ठेवून घरच्या माणसाने एकट्याने फासे टाकायचे आणि समोरच्याच्या बाजूने खेळताना तो स्वतः खेळला असता तसंच खेळायचं. बघायला कुणी नसतं. हे नीट कळायला मला पाच-सहा सीझन लागले, आणि पुरतं कळलं ते यंदाच्या शेवटच्या मालिकेत.

थोडं मागचं सांगतो. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा अमेरिकेतला पत्त्या-फाशांचा बेसबॉल. हॅल रिचमन या माणसाने तो १९६१ साली विकायला काढला. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं आणि त्याने त्या वर्षी मैदानात जे केलं ते आकड्यांत त्या कार्डावर उतरवलेलं असतं. पांढरा फासा १, २ किंवा ३ पडला तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५ किंवा ६ पडला तर पिचरचं. बाकीच्या दोन फाशांची बेरीज करून त्या रकान्यातली ओळ वाचायची. काही ओळींपुढे परत विशीचा (वीस बाजूंचा) फासा टाकावा लागतो. म्हणजे निम्मं बॅटरच्या हातात, निम्मं पिचरच्या. सारीपाटावर वाढलेल्या माणसाला हे समजायला एक संध्याकाळ पुरते.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येताना १९८६ च्या सीझनची पेटी घेऊन आला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती त्या दिवसांत, टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. घागरी रांगेत लावून रात्र रात्र जागायचं. त्या जागरणात आम्ही पहिल्यांदा ही पेटी उघडली. पुढे कॉलेजच्या वेळचे मित्र जोडले गेले आणि लीग झाली. मराठवाड्याचे जिल्हे आठ, आमचे संघ आठ, आणि नावं जिल्ह्यांचीच. प्रत्येकाशी चार मॅचेस घरी, चार त्यांच्या घरी, असे सीझनला ५६ सामने. सीझन मृगात सुरू होतो आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, संपतो.

लातूर माझं. मार्केट यार्डात एका आडतीवर मी मुनीम आहे. दिवसभर सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या लिहायच्या आणि रात्री जेवण झालं की पेटी काढायची.

यंदा माझा संघ पडला, आणि का पडला हे मला माहीत आहे. निवडीच्या दिवशी पहिलाच हात मी व्हिन्स कोलमनवर टाकला. १९८६ साली या माणसाने १०७ बेस चोरले. आकडा बघूनच अंगावर काटा येतो. पण त्याची सरासरी होती .२३२, म्हणजे शंभरात तेवीसदाच हिट (चेंडू मारून बेस गाठणं), आणि होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेला चेंडू) एकही नाही. बेस चोरायला आधी पहिल्या बेसवर पोचावं लागतं, आणि तो दहातून तीनदाच पोचायचा. मग रॉब डीअर घेतला: ३३ होमरन आणि १७९ वेळा स्ट्राइकआऊट (चेंडू नीट न लागताच बाद). सरासरी त्याचीही .२३२. पिचरमध्ये बर्ट ब्लायलेव्हन. त्याचा कर्व्ह बॉल म्हणजे बेसबॉलमधल्या नावाजलेल्या चेंडूंपैकी एक. १९८६ साली त्याने २१५ जणांना स्ट्राइकआऊट केलं, आणि त्याच वर्षी ५० होमरनही दिले. एका सीझनमध्ये इतके होमरन त्याच्याआधी कुणी दिले नव्हते आणि नंतरही कुणी दिलेले नाहीत. त्याच्या कार्डावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. चौथा फिल नीक्रो, तेव्हा ४७ वर्षांचा, हेलकावत जाणारा नकलबॉल टाकणारा. हे मी आवडीने घेतलेले खेळाडू आहेत. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ऑझी स्मिथ मिळाला, तेवढी एक निवड सगळ्या लीगला मान्य होती.

५२ सामने झाले तेव्हा आम्ही १६–३६ होतो (१६ विजय, ३६ पराभव), तळाला. हिंगोलीचे सगळे सामने संपले होते, त्यांचे १७ विजय. वरच्या टोकाला संभाजीनगर ३५–२१ वर थांबलं होतं आणि नांदेड ३२–२० वर होतं. नांदेडच्या उरलेल्या चार मॅचेस माझ्या घरी. चारही जिंकल्या तर सीझन त्यांचा, तीन जिंकल्या तर बरोबरी आणि एक निर्णायक सामना.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लपवण्यासारखी नाही. आमच्याकडे जो तळाला राहतो तो पुढच्या निवडीत पहिला बोलतो. तीन खेळाडू राखता येतात, बाकीचे पेटीत परत जातात. म्हणजे हरण्यात माझा फायदा होता. नांदेडचा गडी माझा जिवाभावाचा मित्र. आणि फासे टाकणारा मी एकटा. संभाजीनगरहून फोन आला. “काही म्हणत नाही मी, फक्त नीट खेळ,” एवढंच तो बोलला. त्यालाही हे सगळं दिसत होतं.

आमच्या घरात फासे स्टीलच्या वाटीत हलवून पोत्याच्या तुकड्यावर टाकतात. पोत्याबाहेर गेलेला फासा बाद, कशाला टेकून तिरका राहिलेला फासा बाद. सगळे परत टाकायचे. हा नियम अण्णांचा. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. वे-बिलात चार आण्याचा फरक आला तर रात्री डेपोत बसून तो शोधायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली. बेसबॉल त्यांनी आयुष्यात कधी बघितलेला नाही, पण आमचं स्कोअरबुक तेच लिहितात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. ६-४-३ लिहिलं की चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला आणि दोघं कसे बाद झाले हे कळतं. हा आकड्यांचा हिशोब त्यांना दोन दिवसांत पाठ झाला. आणि त्यातला ताळा तर त्यांनी मला शिकवला: जेवढे जण बॅटिंगला आले, तेवढेच आऊट, धावा आणि बेसवर अडकून राहिलेले मिळून भरले पाहिजेत. “गाडीत चढले किती, उतरले किती, बसून राहिले किती,” असं ते म्हणतात.

पहिली मॅच मंगळवारी रात्री. नांदेडकडून रॉजर क्लेमेन्स. १९८६ साली २४–४, आणि त्याच एप्रिलमध्ये सिॲटलविरुद्ध एका सामन्यात २० स्ट्राइकआऊट, नऊ डावांच्या सामन्यात तोवर कुणालाच न जमलेले. क्लेमेन्स समोर असला की पांढरा फासा ४, ५, ६ पडूच नये असं वाटतं, त्याच्या कार्डावर आपल्यासाठी फार काही नसतं. आमच्याकडून ब्लायलेव्हन. पाचव्या डावापर्यंत त्याने आठ जणांना स्ट्राइकआऊट केलं. अण्णा ‘के’ लिहीत होते, एकाखाली एक. मग डॉन मॅटिंग्लीने एकाला बेसवर ठेवून होमरन मारला, सातव्यात जॉर्ज बेलने मारला. दोन्ही वेळा फासा ब्लायलेव्हनच्या कार्डावर पडला होता. ५–१ ने गेलो. या हरण्याचं मला वाईट वाटलं नाही. कार्डावर जे होतं ते आलं.

दुसरी मॅच मात्र आम्ही जिंकलो, आणि ती मला पुढची अनेक वर्षं आठवेल. आठव्या डावात १–१ होतं. कोलमनला चार चुकीचे बॉल पडून पहिला बेस फुकट मिळाला. सगळ्या सीझनभर मी ज्याची वाट बघत होतो तो क्षण हाच, कोलमन बेसवर आणि सामना बरोबरीत. दुसरा बेस चोरला. तिसरा चोरायचा का? एकही आऊट नसताना दुसऱ्यावरून तिसरा चोरणं शहाणपणाचं नाही असं सगळे सांगतात, कारण दुसऱ्या बेसवरूनही एका हिटवर धाव येतेच. पण पुढे ऑझी होता, आणि ऑझी चेंडू उंच मारेल एवढा भरवसा मला होता, हिटचा नव्हता. चोरला. सेफ. ऑझीचा उंच झेल गेला सेंटरला आणि झेल होताच पळून कोलमन घरी आला. २–१.

नवव्यात नांदेडचे दोन जण बेसवर, एक आऊट. मी वाटी हलवली. दोन फासे सपाट पडले, पांढरा वाटीच्या कडेला टेकून तिरका राहिला. वरून दिसत होतं ते धरलं तर स्ट्राइकआऊट होता. अण्णांनी पेन उचललंही नाही. मी तिन्ही फासे गोळा केले. परत टाकताना हात थंड पडला होता, डिसेंबरची थंडी होती खरी, पण तेवढ्याने नव्हे. या वेळी ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा चेंडू) शॉर्टस्टॉपकडे, आणि तोही असा की क्षेत्ररक्षकाचा दर्जा बघून ठरवायचा. या खेळात असे कठीण चेंडू सगळ्यांत जास्त शॉर्टस्टॉपकडेच जातात, म्हणून ऑझीसारखा माणूस लागतो. त्याचा दर्जा १, याच्या वर दर्जा नाही. विशीचा फासा टाकला. ६-४-३. अण्णांनी ते तीन आकडे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. १७–३७. नांदेडचा सीझन सरळ जिंकण्याचा रस्ता बंद झाला होता. फोन केला तेव्हा मित्र म्हणाला, “तिसरा बेस चोरलास? शाब्बास रे.” त्याचा आवाज खरा होता.

आता तिसरी मॅच. गुरुवारी यार्डात आवक जास्त होती, मी उशिरा आलो. साडेदहाला पेटी उघडली. अण्णा झोपले होते, म्हणून त्या रात्री कच्चं मीच लिहिलं. सातव्या डावानंतर नांदेड ४–३ ने पुढे होतं. आठव्यात आमचे दोन आऊट झालेले, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसं, आणि एक उंच चेंडू डावीकडे गेला. तिथे जॉर्ज बेल. कार्ड म्हणालं, क्षेत्ररक्षकाचा फासा टाक. टाकला. मग चुकीसाठी तीन फासे. बेलच्या हातून सुटला. दोघं घरी आले, ५–४. नवव्यात नांदेडचे तीन बॅटर आले आणि तिघंही गेले. रात्रीचा एक वाजला होता. मी उठून अंगणात आलो, उगीच इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या. लागोपाठ दोन विजय आम्हाला श्रावणानंतर मिळाले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी दाढी करत होतो. अण्णा पक्की प्रत लिहायला बसले होते. ते ताळा करतात आणि मग पाहुण्यांचा कागद एकदा वरून खाली वाचतात, तिकिटांचे नंबर लावून बघावेत तसे. त्यांनी हाक मारली.

“हे वाचलास का तू रात्री?”

नांदेडच्या कागदावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं: सातव्या डावानंतर आघाडी असेल तर बेलला बसव, सेंटरवाल्याला डावीकडे सरकव, सेंटरला गॅरी पेटिस आण. पेटिसला त्या वर्षी गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, मिळालेला. असा बदल सगळेच करतात, बेलची बॅट सात डाव वापरायची आणि शेवटी चांगले हात मैदानात आणायचे. पेटिसचं कार्ड पेटीच्या झाकणात वेगळं काढून ठेवलेलंही होतं. मीच ठेवलं होतं. आठव्यात ते मैदानात आणायचं राहून गेलं. आणि चेंडू गेला तो नेमका डावीकडे.

मी मुद्दाम केलं नव्हतं. पण हे कुणाला सांगणार, आणि सांगून उपयोग काय? माझ्या एका चुकीने नांदेडचा सीझन संपला होता, संभाजीनगरला तो बसल्या जागी मिळाला होता. चेहऱ्याला साबण तसाच ठेवून मी नांदेडला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “तू म्हणशील तसं. निकाल राहू दे म्हणलास तरी मी बोलणार नाही.” हेच मला जास्त लागलं. मी संभाजीनगरला लावला. तो म्हणाला, “आठव्यापासून परत खेळ. बेलला बसवून.” ज्याचं नुकसान होणार होतं त्याने हे दोन सेकंदांत सांगितलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात आधी काय आलं होतं ते आठवून मला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी रात्री आठव्या डावाचा आमचा अर्धा भाग पहिल्यापासून खेळलो. अण्णा या वेळी जागे राहिले. पेटिस सेंटरला. आमचे तीन बॅटर आले, तीन गेले. आदल्या रात्री जिथे दोन जण बेसवर होते तिथे एकही पोचला नाही. नांदेडचा नववा डाव कोरा. आमच्या नवव्याला कागदाप्रमाणे पिचर डेव्ह रिगेटी आला, डावखुरा, त्या वर्षी ४६ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने), तोवरचा विक्रम. एक हिट मिळाली, पुढे काही नाही. ४–३ ने हरलो. कच्च्या कागदावरचा ५–४ अण्णांनी एका आडव्या रेघेने काटला, खोडला नाही. काटलेलं वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १७–३८. नांदेड ३४–२१.

शनिवारी येळवस. ज्याने लातूरची येळवस बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही, त्या दिवशी शहरात माणूस दिसत नाही. यार्ड बंद, दुकानं बंद, सगळं गाव रानात. आमचं रान औशाकडे आहे. कडब्याची कोप (खोपी) केलेली, आत चुना लावलेले दगडांचे पाच पांडव, आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली, सगळ्या रानात आंबील शिंपडून झालं, पंगत उठली, आणि मी पेटी काढली. आई काही म्हणाली नाही. सीझन त्या रात्री बारापर्यंत संपवायचा होता.

कोपीच्या सावलीत पोतं अंथरलं. वारा होता, म्हणून कार्डांवर ढेकळं ठेवली. हरभऱ्याचे घाटे सोलत पोरं भोवती बसली. नांदेडचा कागद मी या वेळी अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि दर डावाआधी तो मोठ्याने वाचायचा असं ठरवलं.

पिचर नीक्रो. अण्णांना हा माणूस आवडतो. ४७ व्या वर्षी २०० च्या वर डाव टाकलेला पिचर, आणि चेंडूही असा की तो कसा वळेल ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. नीक्रोने सहा डाव टाकले, चार धावा दिल्या. सातव्यात तो थकला. थकलेल्या पिचरच्या कार्डावरचे काही आऊट हिट होऊन जातात, ते टिंब लावलेले असतात. पहिलाच फासा तशा टिंबावर पडला तेव्हा मी त्याला काढला. अण्णा म्हणाले, “आता बसू दे त्याला.” तोवर आम्ही तीन धावा केल्या होत्या, त्यातल्या दोन डीअरच्या एका होमरनवर. ४–३.

नवव्या डावापर्यंत ते तसंच राहिलं. अण्णांनी ओळ वाचली: आघाडी असेल तर रिगेटी. रिगेटी आला. पहिले दोघं आऊट. कोलमनने हिट मारली आणि दुसरा बेस चोरला. या सीझनमधली ती त्याची शेवटची चोरी. डीअर बॅटिंगला. एक हिट आली तर बरोबरी, होमरन आला तर जिंकलो.

मी जिंकलो असतो तर १८–३८ होऊन तळातून वर आलो असतो, पहिली निवड गेली असती, आणि नांदेडही गेलं असतं. हे सगळं मला माहीत होतं. आणि मला जिंकायचं होतं. वाटी हातात असताना दुसरं काहीही मनात नव्हतं.

पांढरा फासा २ पडला. रिगेटीचं कार्ड नव्हे, डीअरचं. त्याच्या कार्डावर होमरन आहेत, भरपूर आहेत, आणि स्ट्राइकआऊट त्याहून कितीतरी जास्त आहेत. मी बोटाने ओळ शोधली, अण्णाही चष्मा सारून वाकले.

स्ट्राइकआऊट.

पोरांना काही कळलं नाही, त्यांनी “काय झालं, काय झालं” लावलं. मी नांदेडला फोन केला. ३५–२१, संभाजीनगरशी बरोबरी, आता त्यांचा एक सामना. त्याने आनंद नंतर केला, आधी विचारलं, “शेवटचा फासा कुणाच्या कार्डावर?” मी म्हणालो, डीअरच्याच. “अरेरे,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही थोडा वेळ तसेच फोनवर राहिलो.

आमचे १७–३९, हिंगोलीचेही तेवढेच. पहिली निवड कुणाची हे मार्चमध्ये ठरेल. राखायचे तीन मी ठरवलेत, ब्लायलेव्हन, ऑझी आणि डीअर. कोलमनला पेटीत ठेवताना जड जाईल.

अण्णांचा ताळा चालला होता. पेनाचं टोपण दातांत धरून ते एकेक रकाना बोटाने मोजत होते.

“आऊट सत्तावीस. धावा तीन. बेसवर राहिलेले आठ.” आठवा कोलमन, दुसऱ्या बेसवर. मग त्यांनी डावीकडचा बॅटरांचा रकाना वरून खाली मोजला.

“अडतीस,” ते म्हणाले. “जुळलं.”